देऊळघाटच्या पोटाला तपासणी का नाही?

बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटात पोट दुखतं म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर जातो. "भाऊ, छातीत आग होऊन रायली, रातभर झोप नाही," एवढं म्हटलं की काउंटरच्या आतून कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा तुकडा पुढे येतो. चार गोळ्या. कापताना कधी औषधाचं अर्धं नाव जातं, कधी मुदतीची तारीख. गिऱ्हाईक वाचत नाही, त्याला गोळी रंगावरून पाठ असते. आग दोन दिवस शमते, पाचव्या दिवशी परत उठते, पुन्हा कात्री चालते. माझ्या ओळखीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या उशाशी पित्ताची गोळी आहे. ती का घ्यावी लागते, हे त्यांच्यापैकी कुणालाही तपासून सांगितलं गेलेलं नाही.

या जळजळीमागे, या अल्सरमागे पुष्कळदा एक जंतू असतो: हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो पोटात आहे का आणि असला तर कोणत्या अँटिबायोटिकला दाद देईल, हे काही तासांत सांगणारी जनुकीय तपासणी जगात आहे. त्याच जातीची तपासणी आपल्याच जिल्ह्यात, सरकारी खर्चानं, क्षयरोगासाठी होते. पोटासाठी ती होत नाही, कारण गरिबाचं पोट दुखणं हा आजार आहे हेच कुणी मानायला तयार नाही. यंत्र नाही, माणूस नाही, पैसा नाही ही कारणं मी ऐकली आहेत. ती खोटी आहेत.

खोटी म्हणतो, कारण माझी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली. क्षयाची जनुकीय तपासणी मी या हातांनी केली आहे. थुंकीत तिच्या दुप्पट द्रावण घालायचं, डबी जोरात हलवायची, पंधरा मिनिटं थांबायचं, मिश्रण कार्ट्रिजमध्ये भरायचं, कार्ट्रिज यंत्रात ठेवून दार लावायचं. दोन तासांत पडद्यावर निकाल येतो. त्यात दोन गोष्टी असतात. एक, क्षयाचा जंतू सापडला की नाही. दुसरी, रिफॅम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल की नाही. या दुसऱ्या गोष्टीचं मोल ज्यानं जुने दिवस पाहिले त्याला विचारा. तेव्हा रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या गिळायचा, खंगत जायचा आणि मग कधीतरी कळायचं की त्याचा जंतू त्या गोळीला जुमानतच नव्हता. आता काम आणखी सोपं झालं आहे. ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या कंपनीनं बनवलं, ते बॅटरीवर चालतं, वातानुकूलित खोली मागत नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही क्षयासाठी ते स्वीकारलं. कोविडमध्ये तर आरटीपीसीआर हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी होता. ज्या राज्यानं नाकातला विषाणू गावोगाव जाऊन शोधला, त्याला पोटातला जंतू शोधता येत नाही, हे मी कसं मानू?

जंतूचा शोध काही कालचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो लावला. जठराच्या तुकड्यांतून हा जंतू प्रयोगशाळेच्या ताटल्यांत वाढवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि फसत होता, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की ताटल्या फेकून दिल्या जात. 1982 च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे ताटल्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. पुढे 1984 मध्ये मार्शलनं तो स्वतः पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एवढं होऊनही आमच्या भागात अल्सरच्या रुग्णाला अजून काय सांगितलं जातं? ठेचा बंद करा, उपाशीपोटी चहा नको, टेन्शन घेऊ नका. ठेचा बंद केल्यानं जळजळ कमी होईलही. जंतू मरत नाही.

त्या ताटल्यांच्या गोष्टीतच जनुकीय तपासणीची गरज लपलेली आहे. हा जंतू फार नाजूक आहे. त्याला प्राणवायू कमी लागतो, वाढायला दिवस लागतात, आणि एंडोस्कोपीत काढलेला तुकडा थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचला नाही तर वाटेतच मरतो. बुलडाण्यात काढलेला तुकडा संभाजीनगरला किंवा नागपूरला जिवंत पोचवायचा म्हणजे नशिबाचा खेळ. जनुकीय तपासणीला जिवंत जंतू लागत नाही, त्याचा डीएनए पुरतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत, 23एस आरएनएवर जाऊन बसतं. त्या जनुकात 2142 किंवा 2143 या जागेवरचं एक अक्षर बदललेलं असेल तर औषधाला तिथं नीट बसताच येत नाही. पीसीआर, म्हणजे हीच जनुकीय तपासणी, तेवढं अक्षर वाचते. लेव्होफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तसंच, फक्त जनुक वेगळं. तपासणी जठराच्या तुकड्यावर होते आणि शौचाच्या नमुन्यावरही होते, म्हणजे सरसकट प्रत्येकाच्या घशात नळी घालायची गरज नाही. मेट्रोनिडाझोल हे औषध चालेल का, याचा अंदाज मात्र जनुकावरून नीट येत नाही. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही यंत्राला दिसतो, त्यामुळे उपचारानंतर जंतू गेला का हे श्वासाच्या किंवा शौचातल्या अँटिजेनच्या चाचणीनंच पाहावं लागतं. या मर्यादा मान्य करूनसुद्धा, आज जे चाललं आहे त्यापेक्षा ही तपासणी कितीतरी पटींनी शहाणपणाची आहे.

आज काय चाललं आहे? किट. एका पाकिटात लॅन्सोप्रॅझोल, टिनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन, सकाळ-संध्याकाळचे डोस वेगळे पॅक केलेले, सात दिवस घ्या, बरे व्हा. आता एक आकडा वाचा. देशातल्या वेगवेगळ्या शहरांतून गोळा केलेल्या 259 जंतुनमुन्यांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 77.9 टक्के जंतू मेट्रोनिडाझोलला दाद देत नव्हते आणि 44.7 टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला. टिनिडाझोल हा मेट्रोनिडाझोलचा सख्खा भाऊ. एकाला न जुमानणारा जंतू सहसा दुसऱ्यालाही जुमानत नाही. म्हणजे किटमधली जी दोन औषधं जंतूवर चालून जायची, त्यातलं एक बहुतेकांच्या पोटात निकामी आणि दुसरं जवळपास निम्म्यांच्या पोटात निकामी. हे वीस वर्षांपूर्वीचं चित्र. त्यानंतर आपण अँटिबायोटिक कमी खाल्ली असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

जागतिक शास्त्रज्ञांचं मतही आता संदिग्ध राहिलेलं नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मास्ट्रिक्ट सहमतीत म्हटलं आहे की क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रतिकार 15 टक्क्यांहून जास्त असेल किंवा किती आहे ते माहीतच नसेल, तर हे औषध डोळे झाकून वापरू नका, बिस्मथसह चार औषधांचा उपचार द्या. अमेरिकेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही चौदा दिवसांच्या बिस्मथ उपचारालाच पहिली पसंती देतात आणि जंतू दाद देतो हे तपासल्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिनचा त्रिऔषधी उपचार करू नका म्हणतात. आपल्या जिल्ह्याचा प्रतिकाराचा आकडा किती? कुणी मोजलेलाच नाही. मग सात दिवसांचं किट कोणत्या शास्त्राच्या आधारे लिहिलं जातं? सवयीच्या. औषध प्रतिनिधीनं दिलेल्या माहितीपत्रकाच्या.

आणि जंतू इतके निर्ढावले कसे, तेही बोलू. सर्दी झाली, अजिथ्रोमायसिन. घसा दुखला, अजिथ्रोमायसिन. कोविडमध्ये ताप असो नसो, घरोघर अजिथ्रोमायसिन. भारतातल्या खासगी औषधविक्रीचा 2019 सालचा हिशेब लॅन्सेटच्या आग्नेय आशियाई नियतकालिकात 2022 मध्ये छापून आला. देशात सर्वांत जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी अजिथ्रोमायसिन 500 ही होती. अजिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच कुळातली. घशासाठी घेतलेली तीन दिवसांची गोळी पोटातल्या जंतूवरही पडते. तिनं जंतू संपत नाहीत, कच्चे तेवढे मरतात, आणि ज्यांच्यात ते एक अक्षर बदललेलं आहे ते मागे उरतात. पुढे कधी अल्सरवर क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर त्याची हार आधीच झालेली असते. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक लिहिणाऱ्या आणि चिठ्ठीशिवाय ती विकणाऱ्या प्रत्येकाचा या हारीत वाटा आहे.

कायदा नाही असं नाही. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. 1 मार्च 2014 पासून दुकानदारानं अशा विक्रीची वही ठेवायची, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. केरळनं 2024 च्या जानेवारीत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे घालायला सुरुवात केली. आमच्या बाजाराच्या दिवशी, मेडिकलसमोर तीन-तीन माणसांची रांग असताना, ती वही मी कधी उघडलेली पाहिली नाही.

माझ्या वहिनीचं सांगतो, कारण त्याशिवाय हा राग कुठून येतो ते कळणार नाही. सोयाबीनच्या सोंगणीत पाठ धरते म्हणून ती रोज दुखण्याची गोळी घेई. पोटात जंतू आणि वरून रोज वेदनाशामक, हा अल्सरमधून रक्त वाहायचा सरळ रस्ता आहे. हे डॉक्टरी पुस्तकात आहे, आमच्या शेतात कुणाला ठाऊक नाही. पोटात आग पडली तेव्हा एका खासगी दवाखान्यात तिला किट दिलं. महिनाभर बरं वाटलं, परत दुखणं आलं, परत किट, या वेळी लेव्होफ्लॉक्सासिनचं. पुढं रक्ताची तपासणी करून 'जंतू पॉझिटिव्ह' सांगितलं आणि तिसऱ्यांदा पहिलंच किट हातात दिलं. एके सकाळी डांबरासारखी काळी संडास झाली, ती दारातच बसली. रक्त चढवावं लागलं, मोठ्या शहरात दुर्बिणीनं अल्सर दिसला, चौदा दिवस चार औषधं घेतल्यावर जंतू गेला. ती आज ठीक आहे. पण त्या सगळ्या काळात कुणीही, एकदाही, हा जंतू कोणत्या औषधानं मरेल हे तपासलं नाही. एक औषध चाललं नाही की दुसरं, दुसरं चाललं नाही की पुन्हा पहिलं. याला उपचार म्हणत नाहीत.

त्या रक्ततपासणीबद्दल दोन शब्द. रक्तातली प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे ती तपासणी आज जंतू पोटात आहे की पूर्वी होता, हे सांगूच शकत नाही. तिच्यावर अँटिबायोटिक लिहिणं चूक आहे. याची उलट बाजूही आहे. श्वासाची आणि अँटिजेनची चाचणी चांगली, पण त्याआधी किमान दोन आठवडे पित्ताची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं. नाहीतर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येते. ज्या गावात पित्ताची गोळी रोजच्या जेवणाचा भाग झाली आहे, तिथं हे न सांगता चाचणी करणं म्हणजे रुग्णाचे पैसे पाण्यात घालणं. हे वाक्य चिठ्ठीवर लिहायला किती वेळ लागतो? तेवढाही वेळ देत नाहीत.

या जिल्ह्याकडे दिल्लीचं लक्ष जात नाही असंही नाही. 2025 च्या जानेवारीत घाटाखाली, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळायला लागले, तीन दिवसांत टक्कल पडलं. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली, पाणी तपासलं, केस तपासले, रक्त तपासलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी स्वतः नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. त्या लोकांचे हाल खरे होते. पण त्यातून मी एवढंच शिकलो की या जिल्ह्यातून नमुने उचलता येतात, मोठ्या प्रयोगशाळेत पोचवता येतात, आठवड्यात यंत्रणा उभी राहते. टक्कल फोटोत दिसतं. अल्सर दिसत नाही, म्हणून घाटावरच्या पोटांसाठी पथक येत नाही. देशात अँटिबायोटिक प्रतिकारावर नजर ठेवणारं परिषदेचं जाळं 2013 पासून आहे, त्याचे जाडजूड वार्षिक अहवाल निघतात. त्यात क्लेबसिएला आहे, ई. कोलाय आहे, टायफॉइडचा जंतू आहे. निम्म्याहून अधिक भारतीयांच्या जठरात राहणाऱ्या या जंतूला त्यात जागा नाही.

डॉक्टर मित्रांचा आक्षेप मला माहीत आहे. हा जंतू इतक्यांच्या पोटात आहे, सगळ्यांना काय औषध देणार? शिवाय जंतू एवढा पसरलेला असूनही भारतात जठराचा कर्करोग त्या मानानं कमी आहे. बरोबर आहे. सगळ्यांना औषध द्या असं मी म्हणतच नाही; तसं केलं तर प्रतिकार आणखी वाढेल. ज्याला अल्सर आहे, ज्याच्या घरात जठराचा कर्करोग झाला आहे, ज्याला हृदयासाठी कायम ॲस्पिरिन घ्यावं लागतं आणि पूर्वी अल्सर होऊन गेला आहे, ज्याच्या अंगात कारण न सापडता रक्त कमी आहे, त्याला तपासा. सापडला तर कोणतं औषध चालेल ते पाहा, मगच द्या. कमी लोकांना, अचूक औषध, पुरेसे दिवस. अँटिबायोटिक जपण्याचा याहून साधा उपाय कुणाला माहीत असेल तर त्यानं सांगावा. आणि दुर्गम भागात हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी तैवानच्या मात्सू बेटांकडे बघावं. समुद्रातल्या त्या छोट्या बेटांवर 2004 पासून लोकांची तपासणी करून जंतू काढण्याची मोहीम चालवली आणि जठराच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

खर्चाचाही आक्षेप येतो. एका रुग्णावर वाया गेलेली दोन किटं, रक्ततपासणी, बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि शेवटी चढवलेलं रक्त यांची बेरीज कुणी केली आहे का? ती रुग्णाच्या खिशातून जाते, म्हणून कोणत्याही फायलीत दिसत नाही. जनआरोग्य योजना माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर धावते. तो दाखल होऊ नये यासाठीची तपासणी मात्र त्यानं स्वतःच्या पैशानं करायची, आणि ती तपासणी त्याला जिल्ह्यात मिळतही नाही.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलडाण्याचं एक आहे. 100 जागा आहेत. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्त-लघवीचे नमुने उचलून प्रयोगशाळेत नेणारी महालॅबची व्यवस्था राज्यात आधीच फिरते आहे. पीसीआर चालवणारी, कोविडमध्ये रात्री-रात्री जागलेली तरुण तंत्रज्ञ मुलं कंत्राट संपवून घरी बसली आहेत. त्यातली काही माझ्या हाताखाली शिकलेली आहेत, आणि त्यांना हे काम शिकवायला चार दिवस पुरतील.

म्हणून महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचा अर्ज मी लिहिला आहे. गावात त्यावर सह्या चालू आहेत; मशिदीच्या बाजूनं आणि देवळाच्या बाजूनं सारख्याच होत आहेत, जळजळ दोन्हीकडे तीच आहे. मागण्या चार आहेत. बुलडाण्यात एंडोस्कोपी होणाऱ्या प्रत्येक अल्सरच्या रुग्णाच्या नमुन्यावर क्लॅरिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या प्रतिकाराची पीसीआर करावी. एंडोस्कोपी शक्य नसेल तिथं तीच तपासणी शौचाच्या नमुन्यावर करावी. तपासणी नसेल तिथं सात दिवसांचं क्लॅरिथ्रोमायसिन किट सरकारी चिठ्ठीवर लिहिणं थांबवावं आणि बिस्मथ जिल्हा भांडारात ठेवावं. आणि वर्षाच्या शेवटी जिल्ह्याचा प्रतिकाराचा आकडा छापून प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक मेडिकलवर लावावा. अर्जाखाली मी माझा फोन नंबर लिहिला आहे, आणि उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारातला दुसरा अर्ज तयार आहे: गेल्या वर्षी या जिल्ह्यात सरकारी खर्चानं किती क्लॅरिथ्रोमायसिन खरेदी झालं, आणि ते दिलेल्या किती रुग्णांची तपासणी आधी झाली होती.